बिनखुणेचा नमुना

निळूमावशीला व्हिडिओ गेम खेळता येत नव्हता, आणि एकोणीस वर्षं ती त्याचीच नोकरी करत होती. गाड्यांच्या शर्यतीचा एकच जुना गेम ती रोज लावायची. तिची लाल गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला जाऊन भिडायची, आणि ती मागे घ्यायच्या भानगडीत मावशी फारशी पडायची नाही. पडद्यावर काय चाललंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिचं सगळं लक्ष हातातल्या कंट्रोलरवर. कंपनी कंट्रोलर बनवायची आणि तो माणसाच्या हाताला सुखाचा आहे की नाही, हे मावशीने सांगायचं.

याची एक ठरलेली रीत होती. डिझाइनच्या खोलीत आधी फोम घासून आकार काढायचे, मग त्याचा पांढरा कडक नमुना तयार व्हायचा. आत बटणं, तारा आणि खऱ्या वजनाइतके शिशाचे छर्रे. तो तीन दिवस मावशीच्या हातात. पाऊण तास धरायचा, दहा मिनिटं खाली ठेवायचा, पुन्हा पाऊण तास. जिथे खुपेल तिथे ती निळ्या पेन्सिलीने खूण करायची. अंगठ्याच्या मुळाशी ठिपका, मधल्या बोटाच्या पेराखाली रेघ, तळहाताच्या गादीशी एखादा गोल. त्या पेन्सिलीमुळेच तिचं निळूमावशी झालं होतं. खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं उरलं होतं. खुणा झाल्या की डिझायनर तिच्यासमोर बसायचा आणि प्रत्येक खुणेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायचा: दाबतंय की टोचतंय? दाबत असेल तर तिथला उंचवटा पसरट करायचा, टोचत असेल तर कड घासायची. उलटं केलं तर दुखणं वाढतं. मावशी या प्रश्नाला कधी अडखळली नव्हती. पण तिच्या हातून बिनखुणेचा नमुनाही कधी सुटला नव्हता. साहेब थट्टेने म्हणायचे, मावशीच्या हातात लोण्याचा गोळा दिला तरी त्यावर दोन ठिपके मिळतील.

ती मूळची खालच्या मजल्यावर खोकी भरणारी. एकदा साहेबांनी सहज म्हणून पाच-सहा जणींच्या हातात एक नमुना दिला. बाकीच्या छान आहे, छान आहे म्हणून मोकळ्या झाल्या. हिने मात्र डाव्या बाजूला, अगदी शिवणीपाशी, केसाएवढी कड लागतेय म्हणून सांगितलं. भिंग लावून पाहिलं तर खरंच होती. त्या दिवशी ती वरच्या मजल्यावर आली आणि तिच्या शब्दाला वजन आलं. आयुष्यात आणखी कुठे आलं नव्हतं म्हणा. घरी थोरल्या बहिणीचं राज्य होतं आणि बाहेर मावशी अशी बाई होती, की दुकानदारही तिला ओलांडून मागच्याशी बोलायचा. पण नमुना हातात घेतला की मोठमोठे शिकलेले लोक पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

मग गेल्या हिवाळ्यात तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी झोपेतून उठल्यावर, मग दिवसाही. मुंग्या होत्या तोवर बरं होतं, निदान काहीतरी होतं. पुढे त्याही गेल्या. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी तिच्या हाताला लागून राहिली. पोलक्याचे हुक तिला बघून लावावे लागायचे. कप हातातून निसटायचे. एकदा गॅसवरच्या पातेल्याचं तापलेलं झाकण तिने उचललं आणि धरून उभीच राहिली. ताईने ओरडून ते खाली टाकायला लावलं, तेव्हा बोटाला फोड आला होता. वयाने होतं असं, असं सांगून मावशीने वेळ मारून नेली. डॉक्टरकडे गेली नाही. गेली असती तर डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहून दिलं असतं, आणि कागद म्हटला की तो कुणीतरी वाचतोच.

दुसऱ्यांच्या हातांना मुंग्या येऊ नयेत म्हणून जी बाई दिवसाचे सात तास मनगटं वाकवून बसत होती, तिचेच हात गेले. यावर कुणी चिडलं असतं, कुणी रडलं असतं. मावशीला काहीच झालं नाही. आतूनही तिला तसंच वाटत होतं, कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. तिला भीती अशी वाटायची नाही. भीती वाटत नाही याचंच तिला अधूनमधून नवल वाटायचं.

काम तिने निभावलं. पुढचे दोन नमुने तिने आठवणीने तपासले. सतरा-अठरा वर्षांत कुठे काय खुपतं हे तोंडपाठ झालं होतं. तिने नेहमीच्या जागी नेहमीच्या खुणा केल्या, दाबतंय की टोचतंय याची उत्तरंही ठोकून दिली. कुणाला शंका आली नाही. ते दोन्ही कंट्रोलर बाजारात गेले. लोकांच्या घरोघरी गेले म्हणायचं.

तिसरा नमुना नव्या डिझायनर पोरीचा होता. ही पोरगी मन लावून काम करणारी. नमुना आणून देताना तिचा जीव टांगणीला लागल्याचं मावशीला दिसत होतं. आकार अगदीच वेगळा होता. मुठी बारीक, मागे एक कणा काढलेला, अंगठ्याने फिरवायच्या काड्या खाली सरकवलेल्या. मावशीने तो तीन दिवस धरला. लाल गाडी भिंतीला लागून उभी होती. तिसऱ्या दिवशी ती पेन्सिल घेऊन बसली आणि हात काही बोलतील म्हणून वाट बघत राहिली. हात गप्प. आठवणीला विचारावं तर हा आकार आठवणीत नव्हताच. आणि एक क्षण, खरंच एक क्षण, तिला वाटलं की हा खुपतच नसेल. इतका चांगला झाला असेल. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि नमुना तसाच पोरीच्या हातात दिला.

मग काय विचारता. पोरीला रडू फुटलं. साहेब स्वतः बाहेर आले, त्यांनी नमुना उलटासुलटा करून पाहिला आणि सगळ्यांना हातातली कामं सोडून बोलावलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी साहेब आणि पोरगी यांच्यामध्ये मावशीला उभं करून फोटो काढला. सोमवारी साचा कापायला पाठवायचा असं तिथेच ठरलं. एकदा साचा कापला की त्यातून निघणारे सगळे कंट्रोलर तसेच निघतात, मग पेन्सिलीचा उपयोग नाही. मावशी सगळ्यांबरोबर हसली. तिच्या तोंडाला हसायची सवय होती.

शनिवारी तिने त्या नमुन्याची दुसरी प्रत पिशवीत घालून घरी नेली. का नेली हे तिलाही धड सांगता आलं नसतं. रविवारी दुपारी ताई टीव्हीसमोर बसली होती. ताईचा जन्म शिवणकामात गेलेला. कापड नुसतं चिमटीत धरून ती त्याचं कूळ सांगायची. मावशीने तिच्या हातात नमुना दिला आणि मालिका संपेपर्यंत धरून बस म्हणून सांगितलं. तुझे रिमोट तूच धर, म्हणत ताईने आधी नाक मुरडलं, पण धरला. पाऊण तासाने तिने तो मांडीवर टाकला.

"हे चावतंय गं बोटाला," ती म्हणाली. "कोणी पास केलं हे?"

तिने मधलं बोट पुढे केलं. पहिल्या पेरावर लाल खाच पडली होती. मावशीने स्वतःचं बोट बघितलं. तिथेही तीच खाच होती, पण खोल. वरची कातडी गेली होती आणि रक्त वाळून काळं झालं होतं. गुरुवारपासून ते तसंच असणार. त्या बोटाने तिने भांडी घासली होती, केस विंचरले होते. ताई त्या बोटाकडे बघत राहिली, मग बहिणीच्या तोंडाकडे. झाकणाची गोष्ट तिला आठवली असणार. उठून मलम घेऊन आली आणि स्वतःच लावून दिलं. मावशीला ते लागताना दिसत होतं, तेवढंच.

सोमवारी ती लवकर निघाली. रस्त्यात तिने सगळं जुळवून ठेवलं. नमुन्यावर कण्याच्या कडेला एक निळी रेघ मारायची आणि म्हणायचं, शनिवारी पुन्हा धरून पाहिला, तेव्हा लक्षात आलं. साचा थांबेल. नोकरी राहील. कुणी काही विचारणार नाही. कामगार बाई आपली चूक आपणहून सांगते म्हटल्यावर उलट कौतुकच होईल.

आणि झालंही अगदी तसंच. साहेबांनी रेघ पाहिली, कपाळाला हात लावला, फोन करून साचा थांबवला आणि मावशी, वेळेवर बोललात म्हणून तिचे आभार मानले. पोरीचा चेहरा पडला, पण तिने स्वतःला सावरलं. खुर्ची ओढून ती मावशीसमोर बसली, वही उघडली आणि रेघेवर बोट ठेवलं.

"मावशी, दाबतंय की टोचतंय?"

मावशीने तोंड उघडलं. चावतंय, असं ताई म्हणाली होती. चावतंय म्हणजे दाबतंय की टोचतंय, हे तिने ताईला विचारलंच नव्हतं. आपण एकोणीस वर्षं जो प्रश्न ऐकतोय तोच विचारायचा राहिला, याची तिला पहिल्यांदा लाज वाटली. टोचतंय म्हणावं, की दाबतंय म्हणावं? काहीही म्हटलं असतं तरी पोरीने लिहून घेतलं असतं. आधीच्या दोन्ही वेळी तसंच झालं होतं. पोरगी पेन टेकवून वाट बघत होती. तिच्या स्वतःच्या बोटांवर फोम घासून घासून घट्टे पडले होते.

"मला माहीत नाही," मावशी म्हणाली.

पोरीला वाटलं, पुन्हा धरून बघायचा असेल. तिने नमुना पुढे केला. मावशीने तो घेतला नाही. तिने डावा हात टेबलावर उताणा ठेवला, निळी पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या तळहातावर रेघ ओढायला लागली. पेन्सिल बोटांत नीट धरता येत नव्हती म्हणून रेघ वाकडीतिकडी गेली. अंगठ्याभोवती, पहिल्या बोटाभोवती, मधल्या बोटाभोवती आणि अनामिकेची अर्धी बाजू.

"एवढ्यात काही कळत नाही," ती म्हणाली. "उजव्या हाताचंही असंच आहे."

साहेब दारात थांबले होते. त्यांनी कधीपासून म्हणून विचारलं. मावशीने महिना सांगितला नाही. दोन नमुने झाले, असं म्हणाली. साहेबांना त्याचा अर्थ लगेच कळला, कारण ते दोन नमुने कुठे गेलेत हे त्यांना ठाऊक होतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मावशीने मान खाली घातली. आता ही नोकरी राहत नाही, हे तिला समोर ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि तरी अजून आत कापूसच होता.

पोरगी उठून जाईल असं तिला वाटलं होतं. पोरीने वही मिटली, मावशीचा हात आपल्याकडे ओढून घेतला आणि नमुना तपासतात तसा तपासायला लागली. अंगठ्याचं टोक दाबलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

पहिलं बोट झालं, मधलं झालं. मलम लावलेल्या जागेच्या शेजारी तिने अलगद दाबलं, तरी नाहीच. अनामिकेच्या एका बाजूला नाही. मग तिने निळ्या रेघेच्या बाहेर राहिलेली करंगळी दोन बोटांत धरली आणि जरा जोरात दाबली.

"इथे?"

"हो," निळूमावशी म्हणाली. "दुखतंय. सोडू नकोस." आणि तिला रडू आलं, चांगलं मोठ्याने, सगळ्या खोलीदेखत.