समोरून शिकवलेला झिम्मा

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या बहिणीची पाठ कोल्हापूर जिल्ह्यात कुणी पाहिली असेल, असं मला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. बोलत्या माणसाला पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा नेम. देवळातून निघताना आपण चार पावलं देवाकडं तोंड करून मागं येतो. आक्का किराणा दुकानातूनही तशाच बाहेर पडतात. गडहिंग्लजहून एसटीनं आल्या की शेजारच्या बाईचा निरोप घेत घेत उलट्या पायांनी पायऱ्या उतरतात आणि खाली कुणीतरी "ओ मावशी, पाय माझा!" म्हणून ओरडतं. एकदा माझ्या स्वयंपाकघरातून अशाच बोलत मागं सरकल्या आणि पाण्याच्या घागरीवर बसल्या. पाणी खोलीभर झालं. "तर मी काय सांगत हुतो," म्हणून त्या ओल्या साडीनिशी पुढं बोलत राहिल्या आणि मी फडकं शोधत राहिले.

त्या आल्या की मी दमते. सांगताना वाईट वाटतं, पण खरं आहे. दिवसभर मी कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटते. घरी येऊन पाय पसरावेत, तर आक्का समोर. त्यांना सगळं येतं आणि ते त्यांना दुसऱ्याला शिकवायचंच असतं. सुईत दोरा कसा ओवायचा, निऱ्या कशा घालायच्या, लाटणं कुठं धरायचं. "असं न्हवं गं, माझ्याकडं बघ." त्यांच्याकडं बघून केलं की माझं सगळं डाव्या हातानं व्हायला लागतं. मी मुळात कमी बोलणारी. "व्हय आक्का" म्हणते, आणि त्या दिवशीच्या चपात्या घरात कुणी खात नाही.

आक्कांचा खरा अभिमान म्हणजे त्याच कॉलेजातला मुलींचा झिम्मा-फुगडीचा संघ. आमच्या जाऊबाई त्यात होत्या, आक्का तर तीन वर्षं होत्या. हे त्या डॉक्टरांना, भाजीवालीला, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या पावण्यांना, सगळ्यांना सांगतात. संघाची एक जुनी चाल आहे. जिची आई किंवा बहीण संघात होती तिला 'घरची' म्हणतात, आणि घरची मुलगी आजवर कधी वगळली नव्हती. ती निवडीला उभी राहायची ती नुसती रीत म्हणून. त्यामुळं यंदा आक्कांची मुलगी ऋतुजा त्याच कॉलेजात आली, तेव्हा आक्कांच्या लेखी निवड कधीच होऊन गेली होती. वर्षभर त्यांनी तिला गावच्या अंगणात स्वतः शिकवलं होतं. आपलं त्या वेळचं नऊवारी लुगडं इस्त्री करून पिशवीत आणलं होतं. गडहिंग्लजच्या निम्म्या बाजाराला कळवून झालं होतं.

निवड तीन संध्याकाळी चालते, आमच्या होस्टेलच्या हॉलमध्ये. निवडणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलीच. रोज मेसच्या दारावर यादी लागते. जिचं नाव नाही तिनं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. ऋतुजा होस्टेलवर आणि आक्का तीन दिवस माझ्याकडं मुक्कामाला. पहिल्या दिवशी फुगडी होती. पोर भिंगरीसारखी फिरली, नाव लागलं आणि आक्कांनी पेढे वाटले.

"आक्का, अजून दोन दिवस हायत," मी भीत भीत म्हटलं.

"अगं, घरच्या पोरीला कोण काढतंय? तू तुझ्या चपात्या बघ."

दुसऱ्या दिवशी झिम्मा. आक्का बाहेर पायरीवर बसल्या होत्या, कारण आत आयांना बसू देत नाहीत. मला मेसच्या खिडकीतून हॉल दिसतो. रांग उजवीकडं सरकली आणि ऋतुजा डावीकडं. शेजारच्या मुलीच्या कपाळावर कपाळ आपटलं. सगळ्या हसल्या. पुन्हा सुरू झालं, पुन्हा रांग एकीकडं आणि पोर दुसरीकडं. टाळी डावीकडं द्यायची तिथं हिची उजवीकडं. पाऊल नेमकं, ताल नेमका, पण सगळं आरशात बघितल्यासारखं. माझं लाटणं थांबलं. आक्का तिला कशा शिकवत असतील ते मला डोळ्यांपुढं दिसलं. पोरीकडं तोंड करून उभ्या, उजवं पाऊल टाकतायत, आणि पोर त्यांच्याकडं बघून डावं टाकतेय. वर्षभर. पोटच्या पोरीला पाठ कशी दाखवायची?

यादी लागली. आक्कांनी ती तीनदा वाचली. मग म्हणाल्या, "चष्मा बदलाय झालाय. तू वाच गं." मी चौथीपर्यंतच शिकलेली, मला वाचायला वेळ लागतो. त्या दिवशी मी तो आणखी लावला. एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेले. नाव नव्हतं.

आक्का तडक निवडणाऱ्या मुलीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "बाई गं, ही घरची हाय. हिची आई, हिची मावशी, दोघी हुतो आम्ही."

"ठाऊक हाय काकू. पण यंदा घरच्याच अकरा आल्यात. सगळ्या घेतल्या तर बाकीच्या पोरींनी काय टाळ्या वाजवायच्या?"

"पर हिच्या नाचात काय खोट हाय?"

"पाऊल उलटं पडतंय की तिचं. कुणी शिकवलं हिला असलं?"

आक्कांनी मान ताठ केली. आता त्या 'मी' म्हणणार, एवढ्यात ऋतुजाच बोलली. "आईनं बरोबर शिकवलंतं. मीच मागनं मोबाईलवर बघून बघून बिघडवलं."

"सांगत हुतो का न्हाय!" आक्का कडाडल्या. "त्या डबड्यानं पोरीचं पाय नासवलं!" मग त्यांनी ते वॉचमनला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, आमच्या शेजारणीला सांगितलं. जेवताना मात्र त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. सकाळच्या एसटीनं गेल्या.

त्या गेल्यावर ऋतुजा मेसच्या मागच्या दाराशी येऊन रडली. मी पाणी दिलं. म्हणाली, "काकी, मला पहिल्या दिवशीच कळलंतं. फुगडी झाल्यावर थोरल्या पोरी झिम्म्याचा सराव करत हुत्या, तो बघितला. पर एका दिवसात पाय कुठं बदलत्यात? आईला सांगू नका."

आठवड्यानं आक्कांचा फोन आला. भाताची लावण, म्हशीचं दूध, सगळं बोलून झालं, तरी त्या फोन ठेवेनात. शेवटी आवाज बारीक करून म्हणाल्या, "तू खिडकीतनं बघत हुतीस न्हवं? खरं सांग. मोबाईलमुळंच झालं का गं? मला आपलं वाटलं, माझंच कायतरी..."

"न्हाय आक्का," मी म्हटलं. "मोबाईलमुळंच."

"मग झालं तर! दिवाळीच्या सुट्टीत मीच शिकवतो परत, पहिल्यापास्नं. फुडल्या साली बघतो कोण काढतंय."

आक्का, तिच्या शेजारी उभ्या राहून शिकवा, एवढंच मला म्हणायचं होतं. ते तोंडातून आलं नाही. संध्याकाळी ऋतुजा जेवायला आली तेव्हा तिला सांगितलं, की तुझी आई परत शिकवणार म्हणते.

"शिकवू दे की. हिथं आल्यावर मी उलटं करून घेतो."

"अगं, दुप्पट मेहनत ती."

"व्हय," ती चपातीचा तुकडा मोडत म्हणाली. "पर शिकवताना आई किती खूश असती, ते तुम्ही बघितलं न्हाय काकी. सबंध वेळ माझ्याकडंच बघत असती."