बाबांचं कार्ड, माझा मोबाईल

अलिबागच्या कॉलेजात असताना ‘तरुणाई आणि आर्थिक शिस्त’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत मी पहिला आलो आणि त्या आनंदात मित्रांना क्रेडिट कार्डावर बिर्याणी खाऊ घातली. माझ्या अकलेचा आवाका कळायला एवढं पुरे.

कार्ड बाबांच्या नावाचं. बाबा म्हसळ्याला सरकारी जीप चालवायचे. त्यांचा पगार जमा होणाऱ्या बँकेनं ते त्यांच्या गळ्यात मारलं होतं. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे माझाच मोबाईल नंबर दिलेला. “बाहेर ऱ्हातोस, अडीअडचणीला असूं दे,” म्हणून कार्डही माझ्याच खिशात आलं.

कॉलेजात माझा भाव एकदम वधारला. कुणाची फी, कुणाचे बूट; मी कार्ड पुढे करायचो, मित्र मला रोख द्यायचे आणि ती रोख संध्याकाळी किनाऱ्यावर उडायची. वर पॉइंट मिळतात म्हणून मी स्वतःला मोठा व्यापारी समजायचो! महिन्याचा मेसेज आला की त्यातली सगळ्यात छोटी रक्कम भरायची, हा आम्हा कार्डवाल्या पोरांचा धर्म. मोठा आकडा बँक नुसता घाबरवायला टाकते, असं मी पहिल्या वर्षाच्या पोरांना समजावूनही सांगायचो. पुढे छोटी रक्कमही जमेना, तेव्हा मी मेसेज उघडायचेच बंद केले.

त्याच वर्षी घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हणून बाबांनी कर्जाचा अर्ज केला. इस्त्रीचा शर्ट घालून ते अलिबागच्या शाखेत आले. इंग्रजी लागेल म्हणून मला शेजारी बसवलं.

अधिकारी बाईंनी स्क्रीन पाहिली. “कर्ज नाही होणार, काका. कार्डाची थकबाकी आहे. कितीतरी मेसेज पाठवलेत.”

बाबा चक्क हसले. “दुसऱ्या कुनाचं बघताय, मॅडम. माझं मेसेज ह्यो बघतो. येक चुकवत न्हाय.”

पहिला आलेला वक्ता टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत बसला. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते ओरडले नाहीत. बाईंना एवढंच विचारलं, “मेसेजचा नंबर बदलायला काय करावं लागंल?”

बाईंनी फॉर्म दिला. तो इंग्रजीत होता, म्हणून मीच भरला.