सर्वांना पाच-नऊ

नोव्हेंबर २००९ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी पेर्सिओ बाएसने राधामेस लाराचे एक वाक्य ऐकले होते की नव्हते? ओकोआच्या खोऱ्यात हा प्रश्न अनेकांनी अनेक प्रकारे विचारला. हे लिहिण्याच्या निमित्ताने तो पुन्हा विचारला गेला, तरी उत्तर मिळालेले नाही. पुरावा नाही असे नव्हे. पुरावा आहे, तारखेनिशी आहे, आणि वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आले असेच तो सांगतो. अडचण एवढीच, की तो पुरावा प्रत्येकाच्या बाबतीत तेच सांगतो.

पेर्सिओचे किराणा दुकान गावाच्या वरच्या अंगाला होते. पुढे तांदूळ, सलामी, केळ्यांचे घड आणि थंड बिअर. मागच्या खोलीत जगभर बोलता येणारा हौशी रेडिओचा संच. छपरावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना होती, आणि शेजारपाजारच्या दूरदर्शन संचांवर चित्र हलले की दोष तिलाच जाई. दुकानासमोर डोमिनोचा डाव मांडून बसलेली मंडळी त्याला सुखाने जगू देत नसत.

"पेर्सिओ, जपानात कांद्याचा काय भाव आहे रे?"

"विचारतो. तुझी बायको तिथे पोचली का, तेही विचारू?"

त्याची बायको नुरिस गल्ल्यावरून म्हणे, "जपानचा माणूस बोलायला लागला की यांना चार कान फुटतात. मी हाक मारली की बहिरे."

जपानच्या माणसाशी तो बोलत नव्हता, हे नुरिसलाही ठाऊक होते. दूरसंपर्कात बोलणे असे नसतेच. एकाने आपले संकेतनाम, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली अक्षरे आणि आकडे, सांगायचे, दुसऱ्याने त्याचे. मग आवाज कसा येतो त्याची खूण द्यायची, आभार मानायचे, पुढचा. खुणेत दोन आकडे असतात: शब्द किती कळतात आणि लहर किती जोरकस आहे. पाच आणि नऊ म्हणजे सर्वोत्तम, समोर बसून बोलल्यासारखे. पूर्वी म्हणे माणसे हे आकडे खरे देत. पेर्सिओच्या काळापर्यंत रीत अशी पडली होती, की अटलांटिकपलीकडून खरखरीत बुडालेला, तीनदा विचारून जुळवलेला आवाज असला तरी त्याला पाच-नऊच द्यायचे. खरा आकडा देणे हा शिष्टपणा समजला जाई. नोंदीच्या सॉफ्टवेअरनेही ही रीत मान्य केली होती. संकेतनाम टंकले की त्या माणसाचे नाव, त्याचे गाव, पूर्वीच्या भेटी हे सारे पडद्यावर आपोआप भरले जाई; खुणेच्या चौकटीत पाच-नऊ आधीच लिहिलेले असे. उरे ते एक बटण. ते बटण पेर्सिओइतक्या चपळाईने दाबणारा देशाच्या दक्षिण भागात दुसरा नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

राधामेस लारा वरच्या डोंगरात, एल नारांहो येथे, एकटा राहत असे. त्याची कॉफीची चार झाडे होती आणि पेर्सिओनेच जुळवून दिलेला एक लहान संच. राधामेसच्या मुलीला, देयानिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी पेर्सिओने हातांवर घेतले होते. त्या नात्याने तो तिचा पाद्रिनो, धर्मपिता, आणि तिच्या बापाचा कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नाते सख्ख्या भावाच्या वरचे मानतात. राधामेसला जपानची ओढ नव्हती. तो शनिवारी खोऱ्याच्या लहरीवर येई, पावसाची खबर देई, कॉफीला कीड लागली म्हणून कुरकुरे आणि निरोप घेई. दुर्मीळ देशांच्या मागे धावणाऱ्या कोम्पाद्रेची तो थट्टा करी.

"जगातल्या सगळ्या देशांना तू ओळखतोस, कोम्पाद्रे. इकडे मी दीड तासावर आहे, तर तीन वर्षांत कॉफी प्यायला आला नाहीस."

"तू देश हो मग. पहिला मीच तुला गाठीन."

त्या शनिवारी प्रशांत महासागरातल्या एका निर्जन बेटावर आठवड्यापुरती उतरलेली काही मंडळी हवेवर, म्हणजे रेडिओवर, होती. असे बेट पेर्सिओच्या हयातीत पुन्हा बोलेल याची खात्री नव्हती. मोठ्या संचाला जोडलेला हेडफोन त्याच्या एका कानावर होता. दुसरा कान उघडा, आणि फळीवर खोऱ्याच्या लहरीचा छोटा संच मंद आवाजात चालू. त्याच छोट्या संचावर राधामेस आला. तो काय बोलला हे आपल्याला त्याच्या मुलीकडून कळते, कारण ती त्याच्या शेजारी बसून युका नावाचे कंद सोलत होती. तो म्हणाला: "कोम्पाद्रे, लिहून घे. घराचं छप्पर गळतंय, म्हणून मी देयानिराकडे राहायला आलोय, ला मेसेताला. संच इथेच लावलाय. एल नारांहोला आता कुणी नाही." आणि पेर्सिओचे उत्तर आले, "लिहिलं, कोम्पाद्रे. पाच-नऊ. घरी सगळ्यांना नमस्कार."

पेर्सिओने राधामेसचे संकेतनाम टंकले. पडद्यावर नाव आले, गाव आले, पाच-नऊ होतेच. त्याने बटण दाबले. पाठोपाठ हेडफोनच्या कानात बेटावरच्या माणसाने त्याचे, पेर्सिओचे, संकेतनाम उच्चारले. तो खुर्चीतून उठून उभा राहिला, असे नुरिस सांगते. दुकानात जाऊन त्याने डोमिनोवाल्यांना एकेक बिअर दिली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पाऊस आला. वादळ म्हणून नाव मिळावे एवढाही तो मोठा नव्हता, फक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, मग दूरध्वनी गेले, आणि खोऱ्यातल्या हौशी रेडिओवाल्यांनी ठरल्याप्रमाणे आपले जाळे उभे केले. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांनी खबर द्यायची, एकाने ती टिपायची आणि खाली बचावाच्या ट्रकवर कळवायची. टिपणारा म्हणून पेर्सिओचे नाव कुणी सुचवलेही नाही. ते गृहीतच होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर त्याने संगणक लावला आणि कामाला बसला. त्या सकाळी त्याने जे केले ते, एक गोष्ट वगळता, उत्तम केले. हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केले आहे.

दुपार व्हायच्या आधी राधामेस हवेवर आला. आवाज इतका खोल गेलेला, की पेर्सिओने संच कानाशी धरला.

"कोम्पाद्रे, घरामागची दरड हलतेय. खालची वाट वाहून गेली. मुलं आहेत इथे. ट्रक पाठव. बॅटरी बसत चाललीय."

"ऐकलं, पाच-नऊ. ट्रक निघाला असं समज."

संकेतनाम टंकले, पडदा भरला. पेर्सिओने ट्रकवरच्या फेयो पिमेंतेलला बोलावले. फेयो एरवी खोऱ्यात मालवाहतूक करी आणि त्याला डोंगरातले प्रत्येक वळण पाठ होते.

"फेयो, एल नारांहो. राधामेस लारा. दरड सुटतेय."

"एल नारांहो?" फेयो म्हणाला. "तिकडे कोण राहिलंय आता? परवाच्या दिवशी मी तिथून खाली आलो, चिटपाखरू नव्हतं."

"राधामेस आहे."

"तू बोललास त्याच्याशी?"

"आत्ता बोललो. गाव माझ्यासमोर पडद्यावर आहे. जा लवकर, फेयो, मुलं आहेत."

हे शेवटचे शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारले. एल नारांहोत राधामेस एकटा राहत असे. त्याच्या घरात मुले कुठून येतील, हा विचार त्याच्या मनात त्या क्षणी आला नाही. तो नंतर आला, आणि मग आयुष्यभर गेला नाही.

तासाभराने फेयोचा आवाज आला. "पेर्सिओ, दाराला कुलूप आहे."

"आत हाक मार."

"बाहेरून कुलूप आहे, बाबा. अंगणात गवत वाढलंय. कुणाकडे पाठवलंस मला?"

पेर्सिओने राधामेसला पुकारायला सुरुवात केली. नुरिस दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. मुले, मुलांचे घर, देयानिरा, ला मेसेता: हा क्रम त्याच्या मनात तेव्हा लागला. ते गाव नदीच्या दुसऱ्या अंगाला होते. फेयोने ट्रक वळवला, पण मधल्या वेळात पूल गेला होता. तिन्हीसांजेच्या सुमारास ला मेसेताच्या घरावर दरड आली. देयानिरा, तिचा नवरा आणि मोठी दोन मुले मागच्या अंगणातल्या स्वयंपाकाच्या खोपटात होती, ती वाचली. राधामेस आणि धाकटी एलिसा घरात होती. एलिसा चार वर्षांची होती.

मयताच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना देयानिराच्या दिराकडे झाल्या. पेर्सिओ साखरेचे आणि कॉफीचे पोते घेऊन गेला, जशी रीत आहे. रेडिओवालेही आले होते. ओसरीवर कॉफीचे पेले फिरू लागले तसे त्यांचे बोलणे सुरू झाले, आणि ते हलक्या आवाजात असले तरी आत ऐकू जात होते.

"चांगला माणूस. पण नियम म्हणजे नियम. संकटात आधी ठिकाण सांगायचं."

"बॅटरी बसत होती त्याची."

"दोन शब्दांनी किती बसते? ला मेसेता, झालं. जागा बदलली तर कळवायला नको? पेर्सिओने काय स्वप्नात बघायचं होतं?"

"फुकटचा गेला बिचारा. आणि पोरीलाही घेऊन गेला."

पेर्सिओ त्यांच्यात उभा होता. त्याच्या हातातला पेला भरलेलाच राहिला.

प्रार्थना संपल्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी, देयानिरा दुकानात आली. आमच्याकडे मोठ्यांच्या घरात पाऊल टाकताना आशीर्वाद मागतात आणि मोठ्यांनी तो द्यायचा असतो. तोंडाला इतकी सवय असते, की दोन्ही वाक्ये माणसांच्या आधी भेटतात.

"आशीर्वाद, पाद्रिनो."

"देव तुझं कल्याण करो," तराजूवरून मान वर न करता पेर्सिओ म्हणाला. मग त्याने पाहिले.

तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. नुरिसने कॉफी आणली. देयानिराने ती घेतली आणि बाजूला ठेवली.

"त्या दिवशी ओसरीवर सगळे बोलत होते ते मी ऐकलं," ती म्हणाली. "बाबांनी कळवलं नाही म्हणे. पाद्रिनो, मी शेजारी होते. युका सोलत होते. तुम्ही म्हणालात, लिहिलं."

"म्हणालो असेन."

"असेन नाही. म्हणालात."

"म्हणालो."

"काय लिहिलंत ते दाखवा."

त्याने संगणक चालू केला. तो शनिवार काढून दाखवला. तिथे राधामेसचे नाव होते, पुढे एल नारांहो, आणि खाली लगेचच त्या निर्जन बेटाची ओळ. देयानिरा वाचायला जरा वेळ घेई. तिने बोट ठेवत ठेवत वाचले.

"हे पाच-नऊ काय?"

"आवाज कसा आला त्याची खूण."

"म्हणजे कसा आला?"

त्याने खालमानेने सांगितले, "स्वच्छ. प्रत्येक शब्द कळला."

"मग ऐकलं होतंत."

"ते तसं नसतं, पोरी. ते सगळ्यांनाच देतात. मशीन आधीच लिहून ठेवतं."

"मग ऐकलं नव्हतं?"

नुरिसच्या आठवणीप्रमाणे पेर्सिओ इतकेच म्हणाला, "मला माहीत नाही. मी त्या बेटाकडे कान लावला होता. तुझ्या बाबांचा आवाज आला एवढं आठवतं. काय म्हणाला ते आता मला तुझ्याच तोंडून आठवतं." मग त्याने विचारले, "दुरुस्त करू का हे? एका मिनिटाचं काम आहे."

"कुठलं गाव घालणार आता?" देयानिरा म्हणाली.

त्याने कळफलकावरून हात काढून घेतला.

"मला काही नको," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या माणसांना सांगा की बाबांनी कळवलं होतं. एलिसाला त्यांनी नेलं असं कुणी म्हणायचं नाही. एवढंच सांगा." ती उठली. जाताना तिने आशीर्वाद मागितला नाही, आणि त्यानेही दिला नाही.

शनिवारी खोऱ्याच्या लहरीवर नेहमीची हजेरी होती. पेर्सिओची पाळी आली तेव्हा त्याने आपले संकेतनाम सांगितले आणि म्हणाला, "राधामेस लाराने ला मेसेताला गेल्याचं मला कळवलं होतं. मी लिहिलं म्हणालो आणि लिहिलं नाही. चूक त्याची नाही, माझी आहे." वाक्ये त्याने आधी कागदावर लिहून पाठ केली होती, आणि बोलताना त्याचा आवाज हलला नाही.

त्या दिवशी हजेरी घेणारा माणूस, जो वाईट नव्हता आणि ज्याच्यासमोर अजून पुष्कळ नावे शिल्लक होती, म्हणाला, "ऐकलं, पेर्सिओ. पाच-नऊ. पुढचा."

पेर्सिओने संच बंद केला. आपले शब्द कुणाच्या मनात शिरले, कुणाच्या नाही, हे त्याला कधी कळले नाही. ओकोआत आजही दोन्ही प्रकारची माणसे भेटतात: राधामेसने कळवले नव्हते असे सांगणारी, आणि पेर्सिओने कबूल केले होते असे सांगणारी. पुढल्या वर्षी ईस्टरच्या सुमारास त्या बेटाचे पोचकार्ड, म्हणजे बोलणे झाल्याची पावती, टपालाने आले. त्यावर पांढरे समुद्रपक्षी होते, मागे त्या शनिवारची तारीख आणि पाच-नऊ. नुरिसने ते साखरेच्या डब्याखाली ठेवले, आणि पेर्सिओने ते कुठे आहे हे विचारले नाही. छपरावरची अँटेना त्याने उतरवली नाही, तशी ती वापरलीही नाही. एका उन्हाळ्यात तिच्या दोन नळ्या कुणीतरी कपडे वाळत घालायला काढून नेल्या. देयानिरा किराणा घ्यायला खालच्या दुकानात जाऊ लागली. संगणकातली नोंद होती तशीच राहिली, गावासकट.

मृत माणसाचे संकेतनाम आमच्याकडे काही वर्षे राखून ठेवतात आणि मग ते दुसऱ्या कुणाला मिळू शकते. राधामेस लाराचे संकेतनाम २०१७ साली बोनाओ येथील एका दंतवैद्याला देण्यात आले.