भीती होती ती स्टाफरूमची

मुलांची मला भीती नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नववीची साठ पोरं एका वर्गात कोंबा, पंखा बंद ठेवा, तरी मी उभी राहीन. भीती होती ती मास्तरलोकांची. ज्यांच्या शेजारी बसून रोज डबा खायचा, त्यांची.

दोन वर्षांमागची गोष्ट. चितेगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते, एकवीस वर्षं झाली होती. मशीनवरून आलेला माल मोजायचा, मापात बसला तर पुढं सोडायचा, नाही बसला तर अडवायचा. त्या हिवाळ्यात शहरातल्या एका शाळेची पोरं कंपनी बघायला आली आणि त्यांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मायक्रोमीटरनं एकीच्या केसाची जाडी मोजून दाखवली, तर सगळी एकमेकांचे केस उपटायला लागली. नुसता गोंधळ! पण तासाभरानं तीच पोरं दशांशात भांडत होती. मुख्याध्यापिका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "तुमचं बीएड झालंय का हो?"

झालं होतं. बीएस्सीनंतर हौसेनं केलं होतं. मग नोकरी मिळाली ती कंपनीत, लग्न झालं, आणि सर्टिफिकेट गेलं साड्यांच्या घडीखाली.

"जूनपासून आमच्याकडं गणिताची जागा रिकामी होतेय," त्या म्हणाल्या. "आठवडाभर येऊन शिकवून बघा. आम्हालाही बघा. शनिवारी काय ते सांगा."

घरी सांगितलं तर नवरा हसायला लागला. "मास्तरं लई बोलतात म्हणतीस, अन् तू काय कमी हायेस का?"

"बोलण्याचं नाय," मी म्हटलं, "पाठीमागं काय बोलतात त्याचं हाय."

तो हसायचा थांबला. त्याला माझी ती जुनी दुखापत ठाऊक होती.

माझं माहेर दौलताबादच्या अलीकडचं. घरी मेंढरं. दिवस मावळताना मेंढरं कुंपणाच्या वाडग्यात शिरायची, तेव्हा वडील तोंडाशी उभे राहून मोजायचे, आणि ते मोजणं विसांत असायचं. वीस झाली की एक खडा उजव्या हातातून डाव्या हातात. शेवटी मूठ उघडून म्हणायचे, "पाच इसा न् सात." वडील अंगठेबहाद्दर, पण एका मेंढरानं कधी चुकले नाहीत. मी त्यांचं धोतर धरून त्यांच्याबरोबर पुटपुटायची. लोकरीचा तो उग्र वास, पायाखालची गरम धूळ, वडिलांच्या मुठीतल्या खड्यांचा आवाज.

शाळेत सरांनी फळ्यावर सत्तेचाळीस लिहून मला वाचायला सांगितलं. मी ठणकावून म्हटलं, "दोन इसा न् सात." वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विसाविसांची दोन रिंगणं काढली, बाजूला सात ठिपके दिले आणि म्हणाले, "बरोबर सांगितलं हिनं. टाळ्या वाजवा." त्या दिवशी मी घरी पळतच गेले. मास्तरीण होणार म्हणून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, हो की! मेंढरं आवरतीस, पोरं काय अवघड हायेत."

तेच सर मला सातवीतही होते. एकदा वर्गातले खडू संपले म्हणून दुसऱ्या बाईंनी मला मास्तरांच्या खोलीकडं पाठवलं. दार अर्धं लोटलेलं. आत चहा चालला होता आणि विषय माझाच होता. कुणीतरी म्हणालं, पोरगी हुशार आहे, स्कॉलरशिपला बसवू या. त्यावर माझे सर म्हणाले, "कशाला? मेंढरांमागची पोर ती. चारा संपला की ही मंडळी बिऱ्हाड उचलून चालली. हिच्यावर मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." सगळे हसले. सरही हसले. मी खडू न घेताच परत आले आणि खोली बंद आहे म्हणून खोटं सांगितलं.

नंतरही वर्गात सर माझ्याशी तितक्याच मायेनं वागत राहिले. तेच मला सहन होईना. राग आला असता तर मी रागावून मोकळी झाले असते. फळ्यापुढं एक माणूस आणि दाराआड दुसरा, हे जे डोक्यात बसलं ते निघालंच नाही. बीएड होऊनही मी एकाही शाळेत अर्ज केला नाही, याचं खरं कारण हेच. लोकांना मी वेगळी कारणं सांगत आले.

कंपनीत तोंडं फाटकी होती, पण बोलणं मालाबद्दल असायचं. माझ्या टेबलावर तीन ट्रे. हिरव्यात चांगला माल, पिवळ्यात दुरुस्तीचा, लाल ट्रेमधला भंगारात. मशीनच्या आवाजात ओरडून सांगावं लागायचं, "ओके! रिवर्क! रिजेक्ट!" ऑपरेटर कमरेवर हात ठेवून भांडायला यायचे, "ओ ताई, एवढ्याशा फरकानं काय आभाळ कोसळणार हाय का?" आणि अर्ध्या तासानं तेच कँटीनमधून माझ्यासाठी चहा आणायचे. एकवीस वर्षांत तू कुणाची पोर, असं मला तिथं कुणी विचारलं नाही. शाळेच्या त्या आठवड्यासाठी काढलेल्या रजेच्या पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभी होते. कंपनीची बस आली आणि मी खाली नसतानाही सवयीनं थांबली. ड्रायव्हरनं वर बघून हात केला. मला इतकं रडू आलं की त्या दिवशीच नको म्हणून कळवावं असं वाटलं.

तरी गेले शाळेत.

मला दिली होती नववी ब. पहिल्याच मधल्या सुट्टीत मराठीच्या बाई वर्तमानपत्रावर मेथी निवडत म्हणाल्या, "ब म्हणजे नुसता गाळ हाय बघा. वरचं नितळ पाणी अ मधी गेलं." त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या. बोलणं तिखट आणि डब्यातला ठेचा त्याहून तिखट. समोर विज्ञानाचे सर पेपर तपासता तपासता पोरांची उत्तरं नकला करून वाचत होते. स्टाफरूम हसत होती. मी भाकरीचा घास तसाच धरून बसले. घ्या, म्हटलं मनात, खोली बदलली, पण चहाही तोच आणि माणसंही तीच.

वर्गात मात्र मी रमले. कसं सांगू? शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, कायम डोकं बाकावर टेकवलेलं. बुधवारी ती आपण होऊन उठली, फळ्यापाशी आली आणि समीकरण अर्ध्यापर्यंत सोडवून गेली. अर्ध्यापर्यंतच, पण बरोबर. कंपनीत कधी एवढा आनंद मला झाला नव्हता, हे कबूल करायला हवं. घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. "झालं, गेली ही," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी परत स्टाफरूम, परत गाळ, परत नकला. शुक्रवारी मी ठरवून टाकलं, पोरं कितीही गोड असली तरी या लोकांत बसायचं नाही. नाही म्हणायचं.

शनिवारी सकाळची शाळा. मी घेतलेल्या छोट्या चाचणीच्या वह्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये तपासत बसले होते. हात भराभर चालला होता. तीन गठ्ठे कधी झाले ते मला कळलं नाही. एक वही उघडली. पहिल्याच ओळीत चिन्ह चुकलेलं, त्यामुळं खालचं सगळंच चुकलेलं. मी ती तिसऱ्या गठ्ठ्यावर टाकली आणि एकवीस वर्षांच्या सवयीनं, मशीन चालू असल्यासारखी, ओरडले, "रिजेक्ट!"

दारात शेवटच्या बाकावरची तीच मुलगी उभी होती. वह्या न्यायला आली होती. वही तिचीच होती.

स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. विज्ञानाच्या सरांनी मान खाली घातली. मुलगी आत आली, तिन्ही गठ्ठे उचलले, स्वतःची वही सगळ्यांत खाली सरकवली आणि गेली. त्या माझ्या सरांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मला सहा दिवससुद्धा लागले नाहीत. बरं, त्यांनी निदान दाराआड म्हटलं होतं.

मराठीच्या बाईंचा मेथी निवडणारा हात थांबला नव्हता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी एका पोराला वर्गात ढ म्हणलं होतं. घरी जाऊन लई रडले."

मी लाल पेनाला टोपण लावलं.

"दुसऱ्या वर्षी पण कुणाला तरी म्हणलं. तवा रडू नाय आलं." त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या. "अजून दहा मिनिटं सुट्टी हाय. जा तिच्याकडं. मी गेले नव्हते."

मी अक्षरशः धावले. ती नळाजवळच्या पायरीवर बसली होती, वही मांडीवर, मिटलेली. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं."

"असू द्या मॅडम," ती सहज म्हणाली. "सगळेच म्हणतात."

तिला राग नव्हता, आणि मला तेच जास्त झोंबलं.

"तुमचा तर आज शेवटचा दिवस ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जूनमध्ये येणार आहे मी." हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं. मुख्याध्यापिकांना सांगायच्या आधी, नवऱ्याच्याही आधी ते तिला कळलं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खरं बोलतेय का ते तपासत असावी. मग वही उघडून माझ्यापुढं धरली. "मग दाखवा, कुठं चुकलं."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. एका चिन्हाची तर चूक होती. तिनं ते खोडलं, सुधारलं आणि खालच्या ओळी नव्यानं लिहायला घेतल्या. मध्येच घंटा झाली. तिच्या वर्गाचा पुढचा तास मराठीचा होता. बाई खडू आणि पुस्तक घेऊन आमच्या समोरून वर्गाकडं निघाल्या, आमच्यापाशी जराशा थांबल्या, आणि तिला न बोलावता पुढं गेल्या.