जुन्या सायकलीचं गाऱ्हाणं

मंडळी, आज सकाळची गंमत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मालवणजवळच्या आमच्या गावातून काजूच्या कारखान्यात जायला एसटीचा भरवसा उरला नाही, म्हणून मसुऱ्याहून जुनी सायकल घेतली. उरलेल्या पैशांत नवे ब्रेक आणि मऊ सीट बसली. रंग द्यायचा राहिला, त्यामुळे गंज दिसतोच.

शेजारची काकी रोज विचारायची, "ह्या वयात सायकल कित्याक गो? ती पण मोडकी?" शेवटी मी सायकल गोठ्यात लपवून ठेवली. सासरे काय म्हणतील, ही धास्तीसुद्धा होतीच.

आज सासरेच नारळ घेऊन अंगणात आले. म्हणाले, "भायर काढ ती. गाऱ्हाणा घालूक होया."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांसमोर घातलेलं साकडं, तेव्हा सायकल बाहेर काढावीच लागली. शेजारीपाजारी जमले, काकी सगळ्यांत पुढे.

सासऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सुनेन सायकल घेतल्यान हा. ब्रेक नवे आसत, ते वेळार लागू देत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि हिच्या वयाक नि सायकलीच्या गंजाक जो कोण हसात, तेची बोलती बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांत मोठा आवाज काकीचाच!

कारखान्याला जाताना उतारावर ब्रेक अगदी वेळेवर लागले. संध्याकाळी परतले तेव्हा काकी दारातच उभी होती. सायकलीकडे बघितलं, पण एक शब्द बोलली नाही.

देवाने गाऱ्हाणं इतक्या लवकर ऐकलेलं तुम्ही कधी पाहिलंय का हो?