मावशींचा सुरा माझ्या सॅकमध्ये

जगातला कुठलाही प्रश्न एकतर चालून सुटतो, नाहीतर चिरून, अशी आमच्या मावससासूबाईंची ठाम समजूत आहे. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या, समारंभात मिळालेली शाल शेजारणीला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःसाठी भक्कम पुरुषी बूट आणले. तेव्हापासून दर रविवारी राजारामपुरीतल्या पाच-सहा बायकांना गोळा करून त्या गगनबावड्याच्या रानात जातात. वर खोचलेली साडी, ते बूट आणि कमरेला चामड्याच्या म्यानात सुरा. हा सुरा त्यांनी गडहिंग्लजच्या एका लोहारासमोर दिवसभर ठाण मांडून घडवून घेतला होता. वाटेत आडव्या आलेल्या वेली, काकडी, दोरी, अंगठा तुटलेली चप्पल, सगळ्यांवर मावशींचा हाच एक इलाज. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केकबरोबर आलेली प्लास्टिकची सुरी पाहून त्या म्हणाल्या, "ह्यानं काय कापतासा, वारं?" आणि त्यांनी म्यानाला हात घातला. केकभोवतीची पोरं न सांगता दोन पावलं मागं सरकली.

असं हत्यार लावून भररस्त्यात हिंडणं बरं नव्हे, असं मी कधीमधी सुचवायचो. त्यावर बाया विळे घेऊन रोज एसटीत बसतात, त्यांना कोण विचारतं, असा त्यांचा सवाल असे. कायदा मलाही नीट माहीत नव्हता, त्यामुळं मी विषय बदलत असे.

निवडणुकीच्या दिवसांत माझं वाढलेलं वजन बायकोला एकाएकी सलू लागलं आणि तिनं मला एका रविवारी मावशींच्या हवाली केलं. जिल्ह्यात हत्यारं बाळगायला मनाई आदेश लागू आहे, सुरा घरी ठेवा, असं मी आदल्या दिवशी त्यांना बजावलं. त्यांनी चक्क मान डोलावली. सकाळी त्यांची कमर मोकळी पाहून मला फार बरं वाटलं. एसटी स्टँडवर पोलीस पिशव्या तपासत होते. मी ऐटीत माझी सॅक पुढं केली. शिपाईबाईंनी आत हात घातला आणि भाकरीच्या फडक्यामागोमाग म्यानासकट सुरा बाहेर आला.

मी सरकारी कचेरीतला कारकून. पुढच्याच आठवड्यात मला निवडणुकीचं काम होतं. गुन्हा नोंदला गेला तर निलंबन ठरलेलं. चौकीत जाईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर मुलीची शाळा, घराचा हप्ता, सगळं येऊन गेलं. फौजदार शांत गृहस्थ होते. त्यांनी पट्टी मागवून पातं मोजलं. आठ इंच भरलं. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवाना लागतो, घरातली आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली असतात, असं त्यांनी समजावलं. माझा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच ते म्हणाले की मनाई आदेश असताना एवढ्यावर भागत नाही. हा सुरा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

सॅक माझी होती. मावशी उठून टेबलापाशी गेल्या.

"साहेब, सुरा माझा हाय. ह्यास्नी न सांगता मीच त्यांच्या पिशवीत घातला. घरात ह्यास्नी कांदा चिराय येत न्हाय, सुरा कशाला बाळगतील? लिवायचं असंल तर माझं नाव लिवा."

फौजदारांनी सॅक रिकामी करायला लावली. भाकऱ्या, ठेचा, दोरी, मलमपट्टीची डबी. बाहेर बाकावर बसलेल्या आमच्याबरोबरच्या बायकांनाही एकेक करून विचारलं. मग मावशींचा जबाब लिहून घेतला, सुरा ठेवून घेऊन पोचपावती दिली, आदेश उठल्यावर घेऊन जा म्हणाले, आणि यापुढं तो पिशवीच्या तळाशी नीट बांधून न्यायचा, रानात पोचल्यावरच काढायचा, अशी समज देऊन आम्हांला सोडलं. माझ्याकडं पाहून ते म्हणाले, "पावणं, तुम्ही पिशवी बघून भरत चला."

चौकीबाहेरच्या गाड्यावर मी चहा घेतला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. दुसरा कप मागवला, तोही तितकाच गोड लागला.

गगनबावड्याची गाडी केव्हाच गेली होती. बायका आपापल्या घरी गेल्या, आम्ही दोघं रिक्षात बसलो. मी सुटकेच्या आनंदात बडबडत होतो, मावशी मात्र बाहेर बघत होत्या. मधेच त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"तुमची नोकरी गेली असती, तर माझ्या भाचीला मी काय तोंड दावलं असतं?" त्या हळूच म्हणाल्या.

काही झालं नाही ना, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण मनगट सोडलं नाही. जुन्या सवयीनं त्यांची बोटं नाडीवर होती. राजारामपुरी येईपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या, आणि मीही हात काढून घेतला नाही.