उतरत्या भाजणीचा खेळाडू

"मग त्याला कसला कोच म्हणायचं?" न्यू जर्सीतल्या एडिसनला, एका दिवाळी पार्टीत आमच्या मराठी मंडळातले डॉक्टरकाका म्हणाले. "इटलीत आधी तिसऱ्या डिव्हिजनला खेळला, मग चौथ्या, मग पाचव्या. अगं, माणूस वर जातो. हा तर उतरत्या भाजणीत गेला!"

सगळे हसले. मीही हसले असते, पण तो माणूस माझा कोच होता आणि मी कोल्हापूरची आहे.

"काका, तुम्ही कुठल्या डिव्हिजनला खेळलात?" मी विचारलं. नवऱ्यानं घाईघाईनं चकल्यांची प्लेट माझ्या हातात दिली आणि मला किचनमध्ये पिटाळलं.

कोल्हापूरची आहे हे सांगावं लागतं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठी बाई आणि फुटबॉल यांचा मेळ लागत नाही. आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींच्या टीम असतात आणि मॅचच्या दिवशी घरात जेवणाची वेळ मॅच बघून ठरते. माझे दोन्ही भाऊ खेळायचे. मी बायकांच्या बाजूला बसून घसा फोडायची. मुलींना फुटबॉल नव्हता, कबड्डी होती, आणि तीही शाळा संपेपर्यंत. पुढं आई म्हणाली, "घोड्याएवढी झालीस, आता पुरे." 'आता पुरे' या दोन शब्दांवर मी त्या दिवसापासून डूख धरला.

२००१ साली नवऱ्यामागून न्यू जर्सीला आले. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. ओक ट्री रोडवर पायी जाऊन कोथिंबीर आणणं हाच माझा उद्योग. अशात लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद दिसला: बायकांच्या फुटबॉल टीमला खेळाडू हवेत, अनुभव नसला तरी चालेल. मी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

टीम एका इटालियन क्लबची होती आणि लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनला खेळायची. कोच साठीकडे झुकलेला. बाथरूमच्या फरशा विकायचं त्याचं दुकान होतं. नाक असं मोडलेलं की समोरून बघितलं तरी बाजूनं बघतोय असं वाटावं. इटलीत कोचला 'मिस्टर' म्हणतात म्हणे, म्हणून आम्हीही त्याला मिस्टरच म्हणायचो. त्यानं माझे खांदे बघितले, दोनदा पळवलं आणि मला मागं बचावात उभं केलं.

पहिल्याच मॅचला मी घोळ घातला. समोरची उंच सोनेरी केसांची बाई बॉल घेऊन मला चुकवून निघाली आणि माझ्या अंगात शाळेतली कबड्डी संचारली. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला खाली बसवलं. पकड इतकी सुरेख बसली होती की मी अभिमानानं रेफ्रीकडे बघितलं. आता तो हिला बाद देणार, असंच मला वाटत होतं. त्यानं लाल कार्ड काढलं. त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आणि मी बाहेर.

मिस्टर बाकावर खोकला लागेपर्यंत हसत होता. "पकडायचं असतं," डोळे पुसत तो म्हणाला, "पण रेफ्री बघत नसताना. आणि दोन्ही हातांनी तर कधीच नाही."

प्रॅक्टिसहून तो मला गाडीतून घरी सोडायचा. वाटेत त्याची कारकीर्द ऐकायला मिळायची. कारकीर्द म्हणजे काय, समुद्राकाठच्या एका गावात तिसऱ्या डिव्हिजनला सुरुवात. दोन-तीन वर्षांत त्याच्यापेक्षा वेगानं पळणारा पोरगा आला, याला काढलं. मग डोंगरातल्या गावात, चौथी डिव्हिजन. तो क्लब बुडाला, मग आणखी खाली. दिवसा फरशा बसवायच्या, संध्याकाळी प्रॅक्टिस, रविवारी चिखलात मॅच आणि प्रेक्षकांच्या शिव्या. उभ्या आयुष्यात गोल एकच, तोही स्वतःच्याच जाळ्यात. हे सांगताना त्याला लाज वाटायची नाही, आणि मला त्याचंच फार कौतुक वाटायचं. आमच्या मंडळात प्रत्येक जण काय सोडून काय मिळवलं ते सांगतो. हा माणूस फक्त खेळायला मिळावं म्हणून खाली गेला होता, आणि दर वेळी आपल्या पायांनी.

पुढं आमचं ग्रीन कार्ड आलं, मला नोकरी लागली, आम्ही दोन गॅरेजचं घर घेतलं. काकांच्या भाषेत आम्ही वर गेलो. रविवारी सकाळी मात्र मी त्याच तळाच्या डिव्हिजनला, गुडघ्याला पट्टी बांधून उभी असायची. "आज किती गोल केलेस?" असं मंडळात कुणीतरी हटकून विचारायचं. बचाव करणारीला हा प्रश्न विचारणं म्हणजे वॉचमनला 'आज किती चोऱ्या केल्यास' असं विचारण्यासारखं आहे. मी तसं सांगितलंही. तरी विचारायचे.

२००६ च्या वसंतात माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. काका हाडांचेच डॉक्टर, घरी येऊन त्यांनी गुडघा हलवून बघितला. "चालशील, गरबा खेळशील, काही प्रॉब्लेम नाही. पण फुटबॉल? वय बघ गं. आता पुरे." त्याच उन्हाळ्यात इटलीनं वर्ल्ड कप जिंकला. पाय उशीवर ठेवून मी मॅच बघितली. संपल्यावर मिस्टरचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, "बचाव बघितलास ना?"

मी वर्षभर व्यायाम केला. नवरा आधी चिडला, मग चेष्टा करून थकला, मग स्वतःच बर्फाच्या पिशव्या भरून द्यायला लागला. २००७ च्या शरद ऋतूत बूट घेऊन मैदानावर गेले तर माझी टीम वरच्या डिव्हिजनला गेलेली. कॉलेज संपवून आलेल्या लांब पायांच्या पोरी वॉर्म-अप करत होत्या. मिस्टरनं मला बाजूला घेतलं.

"तुला इथं जागा नाही," तो म्हणाला. "या मुली फार फास्ट आहेत. पण तू ये. टीमचं बाकीचं बघ. हाफ टाइमला संत्री वगैरे कापून दे."

माझं डोकंच फिरलं. त्यानं केलेल्या सगळ्यावर पाणी पडल्यासारखं वाटलं. "संत्री नागपूरवाल्यांना कापायला सांगा," मी चक्क मराठीत ओरडले. मग इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला काढलं तेव्हा तुम्ही संत्री कापलीत?"

तो नाकपुड्या फुगवून मैदानाकडे बघत राहिला.

"खेळायचं कधी थांबवलंत तुम्ही? कुणी सांगितलं म्हणून?"

"कुणी नाही सांगितलं," तो हळू म्हणाला. "मॅचला निदान सात जण लागतात. एका रविवारी आम्ही सहाच आलो. पुढच्या रविवारी चार. मग टीमच उरली नाही."

मग त्यानं फोन काढला आणि कुणाला तरी लावला. "तुझ्याकडे पोरी कमी आहेत ना? एक पाठवतोय. हळू आहे. धसमुसळी आहे. थांब म्हटलं तर थांबत नाही." फोन ठेवून तो माझ्याकडे न बघताच त्या लांब पायांच्या पोरींवर ओरडायला गेला.

घरी येताना गाडीत मी रडले. राग होता आणि अपमानही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मराठीत खेळाडू मैदानात उतरतो. तिथं चढून गेलेला कुणी मी तरी ऐकला नाही.

ती नवी टीम तळातल्या डिव्हिजनच्याही तळाला होती. बहुतेक जणी नर्सा, शिक्षिका, दोन आज्या. २००८ च्या वसंतातल्या पहिल्या मॅचला पाऊस भुरभुरत होता आणि बऱ्याच जणींनी ऐनवेळी कॅन्सल केलं होतं. मी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. पोचले तेव्हा रेफ्री घड्याळ बघत उभा होता आणि आमच्या सहाजणी त्याची मनधरणी करत होत्या. मी नाड्या बांधायच्या आधीच ओरडले, "थांबा, मी आहे!"

सात विरुद्ध अकरा खेळलो. पहिल्या हाफमध्येच आमच्यावर इतके गोल झाले की त्यांची गोलकीपर कुंपणाला टेकून गप्पा मारत होती. हाफ टाइमला त्यांच्यातली एक पोरगी माझ्याजवळ आली. चांगल्या मनानंच आली होती. माझ्या गुडघ्याच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "तुम्ही सोडून दिलंत तरी चालेल. कुणाला काही वाटणार नाही."

"मला वाटेल," मी म्हटलं, आणि मागं जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले.